एका दाताचा प्रश्न

मराठी भाषेत 'चालेल' या शब्दाइतका चालू शब्द दुसरा नाही. चहात साखर कमी पडली तरी चालते, चिरंजीवांना गणितात पस्तीस मिळाले तरी चालतात, आणि सरकार कुठलंही आलं तरी चालतं. निदान पाच वर्षं चालवून घ्यावं लागतं. पुण्या-मुंबईकडे हे 'चालेल' म्हणून सांगतात, आमच्या चंद्रपूरकडे 'चालते न जी' म्हणून. शेवटच्या 'जी'मुळे बेफिकिरीलासुद्धा एक प्रकारची अदब येते. जग मिथ्या आहे असं शंकराचार्य सांगून गेले. पण मिथ्या असूनही ते इतकी वर्षं चाललंय कसं, याचा उलगडा मला वाटतं या तीन शब्दांतच असावा.

मात्र कुठं 'चालते' म्हणायचं आणि कुठं म्हणायचं नाही, याचा नियम काय? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथानं घातला असता तर मी तो ग्रंथ सन्मानपूर्वक कपाटात ठेवून दिला असता. पण तो घातला एका गाडीच्या टायमिंग बेल्टनं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इंजिनाशी माझा संबंध वाहनकर्जाच्या अर्जातल्या 'इंजिन क्रमांक' या रकान्यापुरता. त्या रकान्याच्या पलीकडे कधी डोकवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमचं पोंभुर्णा हे तालुक्याचं गाव. एका अंगाला मूल, दुसऱ्या अंगाला गोंडपिपरी, पूर्वेला वैनगंगा आणि तिच्यापलीकडे गडचिरोली जिल्हा. आणि या सगळ्यांच्या मधे धानाचे बांध, बांबू आणि जंगल. जंगलात वाघ. बाहेरचे लोक तो बघायला पैसे मोजून येतात. आम्ही तो दिसू नये म्हणून संध्याकाळी लवकर घरी येतो. अशा मुलखात गाडी रस्त्यात बंद पडणं ही केवळ यांत्रिक घटना नसते. तिला धार्मिक बाजूही असते. माणसाला एकाएकी सगळे देव आठवतात.

आमच्या शेजाऱ्याकडे एक छोटा हत्ती आहे. टाटा मोटर्सनं २००५ साली 'एस' नावाचा मिनीट्रक बाजारात आणला, त्याचं हे लोकांनी केलेलं बारसं. मूळचं इंजिन दोनच सिलिंडरचं, सातशे दोन सीसीचं, म्हणजे एखाद्या दांडग्या मोटारसायकलएवढं. पण वर पाऊण टन माल घ्यायची तयारी. शेजारी त्यातून धानाची पोती, भाजीपाला, मंडपाचे बांबू आणि लग्नसराईत वाजंत्र्यांचं सामान नेतो. त्याच्या लेखी माझी तीन रूपं आहेत. कर्ज मागताना मी 'साहेब' असतो, हप्ता थकला की 'भाऊ' होतो, आणि बॅटरी धरायला माणूस हवा असला की 'काकाजी'. त्या रविवारी दुपारी कुंपणापलीकडून "काकाजी, रिकामे आहा का जी?" अशी हाक आली तेव्हाच मी ओळखलं, की आज माझा हात दुखणार.

टायमिंग बेल्ट म्हणजे काय हे मला त्यानं समजावून सांगितलं, ते असं. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो क्रँक. तो पिस्टन वरखाली करतो. वर दुसरा दांडा फिरतो, तो कॅम. तो व्हॉल्व उघडतो आणि मिटवतो. खालच्यानं दोन फेरे घेतले की वरच्यानं बरोबर एक घ्यायचा. पावणेदोन नाही, सव्वादोन नाही. हा करार पाळला जावा म्हणून दोघांच्या दातेरी चक्रांवरून एक दातेरी रबरी पट्टा घातलेला असतो. पोटात काचेच्या तंतूंच्या दोऱ्या. मोठ्या ट्रकच्या इंजिनात हे काम सहसा पोलादी दातेरी चक्रंच परस्पर करतात; पट्टा हा लहान गाड्यांचा मामला. आणि गंमत म्हणजे या पट्ट्याचं मूळ मोटारीत नाही. तो १९४०च्या दशकात अमेरिकेत निघाला तेव्हा शिलाईच्या यंत्रात सुई आणि खालचं बॉबिन यांचा ताल जमवायचं काम त्यानं आधी केलं. मोटारीत तो आला १९६२च्या सुमारास, ग्लास नावाच्या एका जर्मन कंपनीच्या गाडीतून. म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी आणि आमचा हत्तीवाला, दोघं एका अर्थी गुरुबंधूच.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलं की प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत मिटतो. डिझेलच्या या जुन्या धर्तीच्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते, त्यामुळे वर आलेल्या पिस्टनला डोक्यावर जागाच उरत नाही. मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटइतकीसुद्धा नाही. पट्टा तुटला की खालचा दांडा फिरत राहतो, वरचा थांबतो, उघडा राहिलेला व्हॉल्व पिस्टनच्या टाळक्यात बसतो आणि दोघंही कामातून जातात.

आणि पट्टा तुटताना सांगून तुटत नाही. साखळी सैल झाली की खडखडते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवते. पट्टा बिचारा मध्यमवर्गीय. तक्रार नाही, आवाज नाही, वर्षानुवर्षं दिलेल्या वेळेवर हजर. आणि एक दिवस एकदम संपतो. मग सगळे म्हणतात, "अरे, परवापर्यंत तर चांगला होता!" म्हणून तो चांगला असतानाच बदलावा लागतो. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, वर्षं दिलेली असतात. जे आधी भरेल ते. माझा शेजारी हा हिशेब कॅलेंडरवर मांडतो, दुधाच्या हिशेबाशेजारी.

तर त्या रविवारी छोटा हत्ती त्याच्या अंगणात, कडुलिंबाखाली, दोन सागवानी ओंडक्यांवर पुढून उचलून ठेवला होता. त्यानं आधी गाडीची बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि माझ्या हातात दुसरी दिली. मग त्यानं हत्यारं मांडली, आणि मला रुखवताची आठवण झाली. घरात असेल नसेल ते सगळं तिथं होतं. जुन्या पलंगाची एक लोखंडी पट्टी, तिला दोन भोकं पाडून पुलीला फिरू न देणारा अडसर केलेला. हापशीच्या पाइपाचा हातभर तुकडा, तो पान्याच्या दांड्यात सरकवला की एक माणूस चार माणसांचा जोर लावतो. सायकलच्या स्पोकचा आकडा, स्प्रिंग ओढायला. बांबूच्या दोन पाचरी, चक्रं जागची हलू नयेत म्हणून. नटबोल्ट ठेवायला पापडाचं ताट, आणि त्या ताटावर लक्ष ठेवायला त्याची आई. तिचं लक्ष मात्र बोल्टांपेक्षा ताटावर जास्त.

अशा हत्यारांना नाक मुरडणारे लोक असतात. 'योग्य हत्यारच वापरावं' हा उपदेश ते करतात, कारण उपदेशाला हत्यार विकत घ्यावं लागत नाही. चंद्रपूरच्या वर्कशॉपात गाडी नेणं म्हणजे एक दिवस जाणार, एक दिवसाचं भाडं बुडणार, वर मजुरी. बँकेत बसून मला त्या भाड्याचं आणि हप्त्याचं नातं रोज दिसतं. म्हणून मी त्या पलंगपट्टीकडे आदरानं पाहिलं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. त्यात पान्याचा जन्मही घालायला हरकत नाही.

अमेरिकेत रॉबर्ट पिर्सिग नावाच्या एका लेखकानं १९७४ साली मोटारसायकल आणि झेन यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या उंची जर्मन मोटारसायकलचं हँडल सैल झालेलं असतं. लेखक म्हणतो, बिअरच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून फटीत घाल, हँडल घट्ट होईल. पत्रा उत्तम, जाडी योग्य, गंजायची भीती नाही. मित्र ऐकत नाही. इतक्या भारी गाडीला बिअरचा डबा? त्याला कूळ आडवं येतं. आमच्या पोंभुर्ण्यात तो मित्र एक दिवस टिकला नसता.

आणि कुळाचा प्रश्न आलाच तर अपोलो-१३चं उदाहरण आहे. एप्रिल १९७०मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानात प्राणवायूची टाकी फुटली. तिघं अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात येऊन बसले. तिथं श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत चालला. तो शोषणारे मोठ्या यानातले डबे होते चौकोनी आणि छोट्या यानातली खोबण होती गोल. तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तकाचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांतून जोडकाम करून चौकोन गोलात बसवला आणि तिघंही जिवंत परतले. जगातल्या सर्वांत महागड्या यंत्राला पुठ्ठा चालला. मात्र एक गोष्ट लोक सांगायला विसरतात: ह्यूस्टनच्या मंडळींनी ते जोडकाम आधी जमिनीवर स्वतः करून, तपासून पाहिलं आणि मगच वर सांगितलं. पुठ्ठा चालला, पण 'चालेल' म्हणून नव्हे, चालतो हे पाहून.

हेच मला त्या अंगणात दिसलं. माझ्या शेजाऱ्यानं सगळी हत्यारं जुगाडाची जमवली होती, पण एक पाना त्यानं दुपारच्या उन्हात सायकलवर जाऊन एका ट्रॅक्टरवाल्याच्या गॅरेजातून उसना आणला होता. त्याला टॉर्क पाना म्हणतात. बोल्ट किती जोरानं आवळला गेला ते हा पाना सांगतो. मी विचारलं, "अरे, बाकी सगळं घरचं, मग ह्याच्यासाठीच कायले गेलास?" तो म्हणाला, "काकाजी, बाकीचे जोर लावते. हा बोलते. बोलनारा आपल्या मनानं नाई बनवता येत जी."

मला वाटतं, या एका वाक्यात त्यानं जगातल्या तमाम हत्यारांची दोन जातींत वाटणी करून टाकली. जोर लावणारी आणि सांगणारी. जोर लावणारं हत्यार कसलंही असो, पलंगाची पट्टी असो की हापशीचा पाइप. पण जे सांगतं, मोजतं, खूण दाखवतं, तिथं आपली सोय घुसवायची नाही. वाण्याची तागडी कथलाची असो की चांदीची. वजन मात्र वजनच पाहिजे.

खुणेचं काम मोठं नाजूक असतं. दोन्ही चक्रांवर कारखान्यानं एकेक बारीक खूण कोरलेली असते, आणि इंजिनाच्या अंगावर त्यांच्या समोर एकेक. चारही जुळल्या की पट्टा चढवायचा. त्या खुणा तेलकट अंधारात दिसेनात तेव्हा मी आमच्या मुलीच्या दप्तरातला व्हाइटनर आणून दिला. बँकेच्या खातेवहीत व्हाइटनर म्हणजे महापाप. चुकीच्या आकड्यावर रेघ मारावी, वर बरोबर आकडा लिहावा, सही करावी. पण पांढरं फासून झाकू नये, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तोच व्हाइटनर इथं खूण झाकायला नव्हे, दाखवायला उपयोगी पडला. एकाच वस्तूला दोन जन्मांचं पाप-पुण्य असतं ते असं.

संध्याकाळ झाली, जुना पट्टा निघाला. दिसायला ठीक होता, फक्त पाठीवर बारीक भेगा. नवा चढवताना त्याला फार दुमडायचं नाही, तेलाचे हात लावायचे नाहीत, असे सोवळ्याचे नियम आहेत. पट्टा ताणणारं चाक बसलं. ताण बघायची जुनी रीत अशी की, चक्रांमधल्या लांब मोकळ्या जागेत पट्टा अंगठ्यानं आणि बोटानं पिळावा. पाव फेरा वळला की ठीक, त्याहून जास्त वळला तर सैल, वळलाच नाही तर फार ताठ. मग क्रँकच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हातानं सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या.

त्यानं फिरवलं. मी बॅटरी धरली. खालची खूण बरोबर आली. वरची एक दात पुढं होती.

एक दात. पट्टा ताणताना चक्र किंचित सरकतं, त्यातून हे होतं. रात्रीचे पावणेदहा वाजलेले. पहाटे साडेपाचला धानाची पोती भरून मूलला पोचायचं, आणि पुढच्या सीटवर त्याची बायको. तिला तिथून पुढं माहेरी जायचं. पान्याच्या दुसऱ्या टोकाला मदतीला तिचाच भाऊ होता. तो अंग ताणत म्हणाला, "चालते न भाऊजी! एका दातानं का होते? आपल्या आजीचे चार पडले, तरी जेवते न थे!"

"आजी मुरमुरे खाते. हे लोखंड खाईन," शेजारी म्हणाला.

"सुरू तं होईन न?"

"सुरू होईन."

"मंग? कवर लावल्यावर कोनाले दिसते?"

बॅटरी धरणाऱ्याला मत नसतं, म्हणून मी गप्प होतो. पण मनातल्या मनात भागाकार केला; आमचा तो धंदाच आहे. वरच्या चक्राला समजा चाळीस दात असले तर एक दात म्हणजे नऊ अंश. खालचा दांडा दुप्पट फिरतो, त्याच्या हिशेबात अठरा. तीनशे साठातले अठरा, म्हणजे शेकडा पाच. शेकडा पाच हा काही फार मोठा फरक नाही. आमच्याकडे इतक्या फरकावर लोक कर्ज घेऊन जातात. गाडी सुरू झाली असती. थोडा धूर, थोडी ओढ कमी. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित महिन्याभरानं घाटात, जंगलात, तिन्हीसांजेला झालं असतं. आणि तेव्हा कुणालाही या रात्रीची आठवण झाली नसती.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. गायजीस नावाच्या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो दिसेनासा होतो. मग तो राजाला मारतो, राणी आणि राज्य दोन्ही घेतो. ग्लॉकनचा सवाल असा की, अशी अंगठी मिळाल्यावर कोण नीतीनं वागेल? सॉक्रेटिसला त्याचं उत्तर द्यायला पुढचं सगळं पुस्तक लागलं. त्याला वाटलं असेल की अशा अंगठ्या दुर्मीळ असतात. वास्तविक प्रत्येक धंद्यात त्या किलोच्या भावानं मिळतात. प्लास्टर झालं की आतल्या विटा दिसत नाहीत, शिलाई झाली की अस्तर दिसत नाही, आणि कव्हर बसलं की पट्ट्याचे दात दिसत नाहीत. सभ्य जगाचा निम्मा व्यवहार झाकणाखाली चालतो.

बँकेनं यावर तोडगा काढलेला आहे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून ती मंजूर करायची. दोघांच्या खुणा जुळल्याशिवाय पैसा हलत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, माणूस दमतो म्हणून. पण घरच्या अंगणात रात्री पावणेदहाला तपासणारा कोण? तिथं दोन्ही खुर्च्यांवर एकाच माणसाला बसावं लागतं. आधी कारागीर म्हणून बसायचं, मग उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन स्वतःच्याच कामाकडे परक्यासारखं बघायचं. हातानं दिलेले ते दोन फेरे म्हणजे ही खुर्ची बदलणं. ते न दिले तर कुणी विचारणार नव्हतं. दिले म्हणून तो एक दात कळला.

आणि दोन खुर्च्या असूनही खूण न बघितली तर काय होतं, तेही ठाऊक आहे. १९९९च्या सप्टेंबरात अमेरिकेचं एक यान मंगळाजवळ पोचलं आणि नाहीसं झालं. हत्यारं जगातली उत्तम, खर्च साडेबारा कोटी डॉलर. पण एका चमूचा हिशेब पौंडांत होता आणि दुसऱ्याचा न्यूटनमध्ये, आणि दोन्ही मापं एकमेकांसमोर धरून कुणी वेळेवर बघितलं नाही. यान ठरल्यापेक्षा खूप खाली उतरलं आणि गेलं. तिकडे पुठ्ठ्यानं तिघं वाचले, इकडे सर्वोत्कृष्ट सामग्री बुडाली. जुगाड पुठ्ठ्यात नव्हता. तो होता 'जुळत असेल' असं गृहीत धरण्यात.

शेजाऱ्यानं मेव्हण्याला यातलं काही सांगितलं नाही. प्लेटो, मंगळ, बायको, वाघ, कशाचंही नाव काढलं नाही. तो पुन्हा खाली वाकला, ताणाचं चाक ढिलं केलं आणि एवढंच म्हणाला, "दिसलं न आता मले."

मी खूप विचार केला आहे, पण नीतिशास्त्रात याच्यापेक्षा अधिक काही असेल असं मला वाटत नाही. न दिसलेल्या चुकीचा हिशेब देव करो. दिसलेली चूक मात्र ज्याला दिसली त्याची. 'कुणाला दिसतंय' या प्रश्नाचं उत्तर 'मला' असं आल्यावर पुढं बोलणंच खुंटतं. गरिबानं पाना कुठला वापरावा हा खिशाचा प्रश्न आहे, आणि त्यात पोटभरल्यांनी तोंड घालू नये. पण खूण जुळली की नाही, हा खिशाचा प्रश्न नव्हे. ती बघायला लागते एक बॅटरी, दोन फेरे आणि पुन्हा उघडायची तयारी. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे: जिथं जोर लावायचा तिथं 'चालते न जी', जिथं माप घ्यायचं तिथं 'जुळते का जी?'

साडेअकराला चारही खुणा समोरासमोर आल्या. मेव्हण्यानंही वाकून पाहिल्या आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "आता बराबर." पापडाचं ताट माउलीनं त्या रात्रीच राख लावून घासलं.

गाडी आता रोज पहाटे आमच्या खिडकीवरून जाते. इंजिन आवाज करतं, पट्टा करत नाही. मुलीचा व्हाइटनर अजून परत आलेला नाही. मी मागितला नाही. तिला नवा आणून दिला, आणि सांगितलं की शक्य तितका कमी वापर.